तेहतीस हजारांची सूट आणि वीस वर्षांचे गृहकर्ज

मनीषनगर येथील एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा : त्या मिहानमधील एका खासगी कंपनीत नोकरी करतात. बेसा परिसरात 44 लाखांचा फ्लॅट पाहिला असून 35 लाखांचे गृहकर्ज घ्यायचे आहे. सिबिल स्कोअर 671 निघाला. पुण्याहून नागपूरला आल्यानंतर एका जुन्या क्रेडिट कार्डाचे बिल राहून गेले आणि ती थकबाकी आता 61,400 रुपयांवर पोहोचली आहे. बँकेचा वसुली प्रतिनिधी 28,000 रुपयांत प्रकरण मिटवण्यास तयार आहे. काटोलच्या चुलत भावाच्या ट्रॅक्टर कर्जाला त्या जामीन आहेत. सीताबर्डीवरील एक एजंट आठ हजार रुपयांत महिन्याभरात स्कोअर 750 करून देण्याची हमी देतो. बिल्डरला दसऱ्यापूर्वी टोकन हवे आहे. हाताशी साडेअकरा लाखांच्या मुदत ठेवी आहेत. तडजोड करून लगेच कर्जासाठी अर्ज करावा का?

माझे उत्तर असे की तडजोड करू नये, पूर्ण रक्कम भरावी आणि गृहकर्जाचा अर्ज काही महिने लांबवावा.

28,000 रुपये भरून प्रकरण मिटवले, तर आपल्या क्रेडिट अहवालात, म्हणजे ज्या कर्जफेडीच्या नोंदींवरून सिबिल स्कोअर ठरतो त्यांच्या अहवालात, ते खाते ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने निकाली काढलेले, असे दिसेल. या दोन शब्दांतील अंतर वसुली प्रतिनिधी सांगत नाही, कारण त्याचे काम वसुलीपुरतेच असते. कर्ज मंजूर करणारा अधिकारी मात्र त्याचा अर्थ सरळ लावतो : या ग्राहकाने एकदा बँकेला पूर्ण पैसे दिले नाहीत. अशी नोंद अहवालात अनेक वर्षे राहते. तिच्यामुळे अर्ज नाकारला गेला नाही, तरी व्याजदर चढा लागण्याची शक्यता मोठी असते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) बाह्य दराशी जोडलेली आहेत. रेपो उतरला की त्याचा लाभ सर्वांनाच मिळतो, परंतु त्यावर बँक जी वाढ लावते, ती ठरवताना अनेक बँका अर्जदाराचा स्कोअर पाहतात.

उदाहरणादाखल, 35 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे 30,370 रुपये आणि नऊ टक्क्यांनी सुमारे 31,490 रुपये येतो. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या फरकापायी महिन्याला अकराशेहून थोडे अधिक जातील. तडजोडीत वाचणारे 33,400 रुपये अडीच वर्षांत त्या हप्त्यांतूनच परत जातील आणि पुढची साडेसतरा वर्षे तोटाच होत राहील. ज्याची नोकरी गेली आहे किंवा घरात मोठे आजारपण आले आहे, अशा माणसाला मी तडजोडच करायला सांगेन, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या हाताशी मात्र ठेवी आहेत.

पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी बँकेला लेखी पत्र देऊन विलंब शुल्क आणि व्याजात सूट जरूर मागावी, परंतु सूट मिळाल्यास खात्याची नोंद ‘बंद’ अशीच होईल, हे ईमेलवर कबूल करून घ्यावे. तसे लेखी मिळत नसेल, तर सुटीचा मोह सोडावा. भरणा थेट बँकेच्या खात्यातच करावा, प्रतिनिधीच्या फोनवर नव्हे, आणि थकबाकी नसल्याचे पत्र घेऊन ते जपून ठेवावे. मागील छत्तीस महिन्यांतील उशिराच्या नोंदी यामुळे पुसल्या जाणार नाहीत. त्या जुन्या होत जातील तसा त्यांचा भार कमी होतो, इतकेच. स्कोअर अमुक महिन्यांत अमुक होईल, असे मी सांगणार नाही.

तसे सांगणारा एजंट आपल्याला भेटलाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणावे तशी खरी थकबाकी कोणी अहवालातून घेऊन जाऊ शकत नाही. चुकीची नोंद मात्र दुरुस्त होते आणि ते काम आपण स्वतः विनामूल्य करू शकता. आपण जोडलेल्या अहवालात 2022 साली फेडलेले वैयक्तिक कर्ज अजून चालू दिसते आहे. त्याविरुद्ध ऑनलाइन तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. ‘सिबिल’ हा शब्द आपल्याकडे डालड्यासारखा सरसकट वापरला जातो, प्रत्यक्षात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही मागवावेत. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तो घटतो आपण जुलैमध्ये केलात तसे एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज केल्याने. आता काही महिने कुठेही अर्ज करू नये. सध्याच्या कार्डावर 60,000 च्या मर्यादेपैकी आपण दरमहा पन्नासएक हजार वापरता, तो वापर वीस हजारांच्या आत आणावा किंवा बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकावी.

माझ्या मते कार्डाइतकेच महत्त्व ट्रॅक्टरच्या कर्जाला आहे, आणि आपण त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. भावाचा हप्ता चुकला, तर त्याची खूण आपल्या अहवालातही उमटते, आणि आपल्या अहवालात तशा दोन खुणा आहेत. हप्ता सहामाही आहे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे विकली जातात, व्यापाऱ्याचे पैसे त्यानंतर येतात, आणि हप्ता मात्र सप्टेंबरात पडतो. भावाने बँकेकडे हप्त्याची तारीख पुढे नेण्याचा अर्ज करावा. जामीनकीतून बाहेर पडायचे तर बँकेची संमती आणि बहुधा दुसरा जामीनदार लागेल. त्यासाठी घरात वाद घालण्यापेक्षा, येता हप्ता आपण उसना देऊन वेळेवर भरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

30 लाखांहून अधिक आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, म्हणजे नऊ लाख आपल्याला घालावेच लागतील आणि मुद्रांक शुल्क वेगळे. कार्डाची थकबाकी भरल्यावर ठेवींत सुमारे 10,88,000 रुपये उरतील, त्यातून हे नऊ लाख गेल्यावर सुमारे 1,88,000 राहतील आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीसाठी ते पुरणार नाहीत. त्यामुळे गुढीपाडव्यापर्यंतचे महिने बचतीसाठीही हवेतच. दसऱ्यापूर्वी टोकन द्यावे, असे मला वाटत नाही. फ्लॅट हातचा जाईल अशी भीती असेल, तर बिल्डरशी बोलून लहान रक्कम द्यावी, कर्ज मंजूर न झाल्यास ती पूर्ण परत मिळेल असे पावतीवरच लिहून घ्यावे, आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने मनाई आहे, हे त्याला आठवण करून द्यावे. तो लिहून देण्यास तयार नसेल, तर बेसा आणि पिपळा भागात पाडव्यालाही फ्लॅट मिळतील.