कपाट आवरायला जा

प्रिय ताई,
माझी आणि माझ्या मैत्रिणीची ओळख ३१ वर्षांपूर्वी डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात झाली. आता दोघी रिटायर आहोत. गेल्या वर्षी तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. टाटात ऑपरेशन झालं, केमो झाल्या. आता रक्ततपासणीत कॅन्सरचा मार्कर परत वाढलाय, म्हणून पुन्हा केमो सुरू आहे. तिचे मिस्टर नाहीत, मुलगा-सून कॅनडात. मी जमेल ते सगळं करते. रोज गव्हांकुरांचा रस पोचवते, लक्ष्मीतरूची पानं मिळवून काढा करून देते, गजानन महाराजांचं पारायण केलं, रोज सकाळी पॉझिटिव्ह मेसेज पाठवते. मध्यंतरी तिने कपाट आवरायला बोलावलं होतं. मी म्हटलं, आधी बरी हो, मग दोघी मिळून आवरू. पण हल्ली ती माझ्याशी तुटक वागते. मेसेज बघते, उत्तर देत नाही. ब्युरोतून देखभालीला आलेल्या बाईशी तासन् तास बोलते. परवा तर मला 'काही दिवस नको येऊस' म्हणाली. आजारपणात माणूस असा बदलतो का? मी थोडे दिवस लांब राहू का?
– एक मैत्रीण, डोंबिवली

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी कपाटाच्या ओळीवर अडकले. तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. रस, काढा, पारायण यांची मात्र सविस्तर यादी दिलीत.

अंडाशयाचा कॅन्सर असा परत उलटला की डॉक्टर सहसा 'पूर्ण बरा करू' म्हणत नाहीत, 'आटोक्यात ठेवू' म्हणतात. हे तिनं ओपीडीत डॉक्टरांच्या समोर बसून ऐकलं असणार. मुलाला फोनवर त्यातलं किती सांगितलं असेल, देव जाणे. मग तिनं कुणाला हाक मारली? तुम्हाला. आणि तुम्ही म्हणालात, आधी बरी हो.

अहो, तिला काय धूळ झटकायची होती? कुठली साडी सुनेला, कुठली भाचीला, एफडीच्या पावत्या कुठे आहेत, लॉकरची किल्ली कुणाकडे द्यायची, मिस्टरांचे शर्ट अजून हँगरला आहेत त्यांचं काय करायचं, असलं सगळं त्या कपाटात असतं. हे बोलताना मध्येच 'असं अभद्र बोलू नये गं' म्हणून तोंड दाबणार नाही असं माणूस तिला हवं होतं. तोंड तुम्हीही दाबलंतच, फक्त गोड बोलून. त्यानंतर ती तुटक वागायला लागली याचं तुम्हाला नवल वाटतं, याचंच मला नवल वाटतं.

ब्युरोच्या बाईचा राग नका करू. ती बारा तासांची ड्युटी करते, पेशंटनं 'मी गेल्यावर' म्हटलं तर दचकत नाही, इतकंच. कधीकाळी हे काम तुमचं होतं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून, मांडीवर मटार सोलत बायका एकमेकींना काय काय सांगतात, मला माहीत आहे. सासूचं, नवऱ्याच्या दारूचं, पाळी चुकल्याचं. तेव्हा तुम्ही एकमेकींना पॉझिटिव्ह मेसेज देत नव्हतात. घाटकोपर येईपर्यंत ऐकून घेत होतात, फार तर एक शिवी हासडत होतात.

तुम्ही घाबरला आहात. ते मला दिसतं आणि ते साहजिक आहे. पण त्या भीतीपायी सकाळी उठून तुम्ही मिक्सर लावता आणि रस तिला प्यावा लागतो. केमोनंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पांढऱ्या पेशी खाली येतात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा कच्चं काही देऊ नका असं डॉक्टरच सांगतात. लक्ष्मीतरूनं माणसाचा कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, आणि केमो चालू असताना कुठलाही काढा डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं आहे. दोन्ही आजपासून बंद. पारायण करा, त्यानं तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा. फक्त तिला हिशेब देऊ नका.

लांब राहायचं नाही. तिनं 'नको येऊस' म्हटलंय ते रस घेऊन येणाऱ्या बाईला. आज फोन करा आणि 'कशी आहेस?' न विचारता एवढंच म्हणा : 'माझं चुकलं. कपाट कधी आवरायचं?' ती गप्प बसली तर तुम्हीही बसा, पण फोन ठेवू नका. दिवस तिला ठरवू दे. केमोनंतरचे दोन-चार दिवस अंगात त्राण नसतं. तुम्हाला साधी सर्दी असली तरी त्या दिवशी जाऊ नका, दुसरा दिवस मागून घ्या.

गेलात की तिला पलंगावर बसवा आणि तुम्ही खाली बसा. केमोनं बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. साडीची घडी धरवत नाही, पिशवीची गाठ सुटत नाही. हात तुमचे, हुकूम तिचे. एक वही जवळ ठेवा आणि ती म्हणेल ते लिहून घ्या. रडली तर रडू दे, तुम्हालाही आलं तर आवरू नका. दुखण्याचा, झोपेचा, मळमळीचा विषय निघाला तर टाटात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे असला त्रास कमी करण्याचा, विभाग आहे हे सांगा. तिथे शेवटच्या दिवसांतच जायचं असतं असा एक समज आहे, तो खोटा आहे. उपचार चालू असतानाही तिथे जाता येतं.

पैशाचा विषय निघाला तर मुळीच टाळू नका. बँकेत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक साक्षीदार तुम्ही व्हा. त्यात ती तुमच्या नावे काही ठेवणार असेल तर मात्र साक्षीला दुसरं कुणी बघा, उगाच पुढे फाटे फुटायला नकोत.

आणि त्या दिवशी कपाटातून ती एखादी साडी काढून तुमच्यासमोर धरेल. 'अगं, तूच नेसशील' हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल. गिळा. साडी घ्या, पिशवीत घाला आणि पुढच्या खेपेला तीच नेसून जा. मॅचिंग ब्लाउज शिवून होईपर्यंत थांबू नका, घरात असेल त्या काळ्या ब्लाउजवर नेसा.