अमेरिकेचा आधुनिक राजकीय इतिहास शिकवण्यासाठी इंटरनेटवर कोणती साधने वापरावीत?

आपण साधने विचारली आहेत आणि ती मी सांगणारच आहे. परंतु याच विषयावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा जो वाद झाला तो अजून मिटलेला नसल्यामुळे, आधी तो प्रसंग सांगितल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही.

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मी एम. ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवत असे. वॉटरगेट प्रकरण, म्हणजे ज्यामुळे अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले ते, मी अनेक वर्षे विभागात चालत आलेल्या टिपणांवरूनच शिकवले आणि ‘निक्सन यांच्या आदेशावरून विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी झाली’ हे त्यांतील वाक्य निमूटपणे उतरवून दिले. एके वर्षी मात्र २३ जून १९७२ ची, म्हणजे घरफोडीनंतर सहाव्या दिवशीची, निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणाची ध्वनिफीत मी वर्गात ऐकवली आणि लिखित प्रतीच्या झेरॉक्स वाटल्या. सीआयए या गुप्तचर संस्थेकरवी एफबीआय या तपास यंत्रणेचा तपास थांबवावा असे निक्सन यांचे मुख्य सहायक हॉल्डेमन त्यात सुचवतात आणि निक्सन त्याला मान्यता देतात. फिती हवाली कराव्यात या सर्वोच्च न्यायालयाच्या ८ विरुद्ध ० अशा निकालानंतर, ५ ऑगस्ट १९७४ रोजी हीच फीत उघड झाली आणि चारच दिवसांत निक्सन पायउतार झाले. पण त्याच संभाषणात निक्सन हॉल्डेमन यांना विचारतात की प्रचारप्रमुख मिचेल यांना हे ठाऊक होते का. यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, आदेश यांनीच दिला असता, तर हे असे कशाला विचारतील?”

मी निरुत्तर झालो. निक्सन यांना भोवले ते तपास दडपणे. घरफोडीचा आदेश त्यांनी दिल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि मी वर्षानुवर्षे उलटेच शिकवत होतो. सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की फिती ऐकवणे ही करमणूक आहे आणि परीक्षक टिपणातलेच वाक्य शोधतो. त्या मुलीला त्या प्रश्नात किती गुण मिळाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: सारांश देणारी संकेतस्थळे बाजूला ठेवा आणि मूळ साधनच वर्गात न्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने अध्यक्षांची गुप्त ध्वनिमुद्रणे लिखित प्रतींसह खुली ठेवली आहेत. २७ मे १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन सिनेटर रसेल यांच्याशी व्हिएतनामविषयी किती साशंकपणे बोलत होते ते आधी ऐकवा आणि मग त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील, व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची मुभा अध्यक्षांना देणारा टोंकिन ठराव वाचायला द्या, जो सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. भाषणे आणि जाहीरनाम्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ पुरेसा आहे. १९५२ पासूनच्या निवडणूक जाहिराती ‘लिव्हिंग रूम कँडिडेट’वर आहेत. आपल्या मुलांना विषय जवळचा वाटावा अशी इच्छा असेल, तर अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतील १९७१ च्या दक्षिण आशियाचा खंड उघडा. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कार्यालयाने ६ एप्रिल रोजी पूर्व पाकिस्तानविषयीच्या आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध पाठवलेली तार एका तासात वाचून होते. हे सर्व विनामूल्य आहे.

काही गोष्टी खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. केनेडी आणि जॉन्सन यांची ध्वनिमुद्रण यंत्रणा सांगितल्यावरच चालू होत असे, त्यामुळे काय टिकवायचे हे बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवले. निक्सन यांची यंत्रणा बहुतेक ठिकाणी आवाजाने आपोआप सुरू होई. शिवाय १९७३ च्या जुलैत ती बंद झाल्यामुळे पुढच्या काळासाठी अशा फितींवर विसंबता येत नाही. आवाजही जागोजागी इतका अस्पष्ट आहे की लिखित प्रत हाती नसेल तर वर्ग पाच मिनिटांत कंटाळतो.

विभागप्रमुखांनी अभ्यासक्रमाचे कारण पुढे केले, तर फीत तासाला न लावता अंतर्गत मूल्यमापनात बसवा. तिथे टिपणातले वाक्य शोधणारा परीक्षक नसतो, आपणच असता.