तेलाचे रिकामे अँफोरा रोमहून परत का जात नसत?

तुम्ही विचारलंय की अँफोरा, म्हणजे दोन कानांची एवढी जड मातीची भांडी, रोमन व्यापारी एकदा वापरून फेकायचे, ते परवडायचं कसं.

सगळी फेकत नसत. वाईनच्या अँफोराला आतून राळेचा लेप असे, त्यामुळे तो पुन्हा कशाला तरी उपयोगी पडे. तेलाच्या भांड्याला सहसा हा लेप नसे. तेल मातीत मुरायचं, खवट व्हायचं, आणि मग त्यात दुसरं काही भरायची सोय नाही.

रोममध्ये टायबरकाठच्या गोदामांमागे मोंते तेस्ताच्चो ही टेकडी आहे. सुमारे 35 मीटर उंच, आणि अख्खी खापरांची! बहुतेक खापरं स्पेनमधल्या बेतिका प्रांतातल्या गोलमटोल तेलाच्या अँफोरांची. वास दाबायला थरांवर चुना टाकलेला सापडतो. असा एक अँफोरा रिकामा सुमारे 30 किलोचा आणि त्यात 70 लिटरच्या आसपास तेल, म्हणजे 65 किलो धरा. गलबतावर चढलेल्या दर तीन किलोंत एक किलो नुसती माती. तरी परवडायचं, कारण भट्ट्या बेतिकातल्या ग्वादालकिविर नदीच्या काठावरच होत्या आणि पाण्यावरची वाहतूक गाडीरस्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. रिकामं भांडं परत नेण्यापेक्षा नवं भाजणं सोपं.

मला स्वतःला या अँफोरांवर लिहिलेलं जास्त आवडतं. कानावर भट्टीचा किंवा मालकाचा ठसा. अंगावर शाईने रिकाम्या भांड्याचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, आणि बाजूला तपासनिसाची नोंद, तिच्यात बऱ्याचदा त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावं. हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने 19व्या शतकात ही अक्षरं वाचत बसण्याचं काम केलं. आजही प्रकार त्याच्याच क्रमांकांनी ओळखतात, हा स्पॅनिश तेलाचा अँफोरा म्हणजे 'ड्रेसेल 20'.

एक सावधगिरी. खापर टिकतं म्हणून आपल्याला अँफोराच दिसतो. धान्य पोत्यांतून जायचं, ती कुजली. गॉल (आजचा फ्रान्स) आणि ऱ्हाइन नदीकडे लाकडी पिंपं सर्रास होती. त्यातली वाचली ती बहुधा विहिरीला अस्तर म्हणून जमिनीत गेलेली, लंडनमध्येसुद्धा.

आपल्याकडच्या जुन्या उत्खनन अहवालांत 'रोमन अँफोरा' दिसला तर लगेच विश्वास ठेवू नका. पश्चिम भारतातली अशी बरीच खापरं पुन्हा तपासल्यावर मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो' (लांबट, निमुळत्या) बरण्यांची निघाली आहेत.