सव्वीस गावं, आठ मुक्काम

जेल रोड, नाशिकरोड

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू एकटीने देशभर रेल्वेने फिरायला निघणार, त्याचा आराखडा तुझ्या आईने माझ्याकडे पाठवला तो एका आशेने. मावशी वाचेल, घाबरेल आणि तुला थांबवेल. तिने माणूस चुकीचं निवडलं. बँकेच्या तपासणी खात्यात माझी एकोणीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी घराबाहेर. दोन आठवडे या शाखेत, तीन त्या शाखेत. बरोबर एक सुटकेस आणि लाल शाईचं पेन. तेच पेन तुझ्या एक्सेलला लागलंय. साठ दिवस, सव्वीस गावं. त्यातली अठरा खोडली आहेत. फुरंगटून बसू नकोस, आधी कारणं वाच.

पहिली गोष्ट दिशेची. दिवाळी झाली की आधी केरळ, तमिळनाडू आणि डिसेंबरअखेर वाराणसी, अमृतसर असं तू लिहिलंयस. हे सगळं उलट कर. आपला पाऊस संपला की देशाचा संपला असं आपण नाशिककर धरून चालतो. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच सुमारास ओडिशा-आंध्राच्या किनाऱ्याला धडकतात. आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात पंजाबपासून बिहारपर्यंत असं धुकं उतरतं की गाड्या तासन्‌तास खोळंबतात. म्हणजे तुझ्या आराखड्याप्रमाणे तू पावसात दक्षिणेला आणि धुक्यात उत्तरेला. नोव्हेंबरात पंजाब, मग वाराणसी, डिसेंबरच्या सुरुवातीला आसाम, तिथून पूर्व किनाऱ्याने खाली आणि जानेवारीत केरळ-कोकणातून घरी, असं ये. पंजाब आधी घेतलास की आणखी एक फायदा आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते आणि तिच्या आगेमागे बिहारकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तू वाराणसीला पोचेस्तोवर ती गर्दी ओसरलेली असेल.

आता आठ हा आकडा कुठून आला ते सांगते. रेल्वेचं चक्राकार तिकीट नावाची एक चीज आहे, हल्ली कुणाला माहीत नसते. निघायचं आणि परतायचं स्टेशन एकच ठेवून मोठा फेरा एकाच तिकिटावर करता येतो आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. लांबच्या तिकिटाला किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं. मार्ग आपण आखून द्यायचा, भाड्याचा हिशोब ते करतात. नाशिकरोड भुसावळ विभागात येतं, म्हणून अर्ज तिथल्या वाणिज्य कार्यालयाकडे. मुदत अंतरावर ठरते, ती अर्ज करतानाच विचारून घे. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण मात्र नंतर वेगळं करावं लागतं, हे विसरलीस तर जनरलच्या डब्यात उभी राहशील.

रेल्वेने आठ का ठरवले असतील ते रेल्वेला ठाऊक. माझ्या हिशोबाने साठ दिवसांना आठच बरोबर आहेत. तुझ्या यादीत बहुतेक गावांना दीड दिवस आलाय. एका गावात पहिला दिवस झोप भरून काढण्यात आणि गाव कुठे सुरू होतं ते समजण्यात जातो. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचे. हसू नकोस. एकट्या माणसाच्या प्रवासाची गती त्याचे कपडे वाळायला किती वेळ लागतो त्यावर ठरते. तीन जोड नेलेस तर दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुला ऊन, दोरी आणि एक मोकळी दुपार लागणार. आसामात जोरहाटच्या थंडीत माझी सुती सलवार दोन दिवस ओलीच होती आणि मी तीच अंगावर चढवून कॅश मोजायला बसले होते.

तर माझे आठ असे: अमृतसर, वाराणसी, कोलकाता, भुवनेश्वर, राजमहेंद्री, मदुराई, कन्याकुमारी, एर्नाकुलम. आसाम या वर्तुळात कोंबू नकोस. कोलकात्याहून वेगळ्या तिकिटाने जा आणि परत ये. यातलं एखादं बदलायचं असेल तर बदल, पण एक घातलंस की एक काढायचं.

वाघा सीमेवर मी काट मारली त्याचं तुला वाईट वाटेल. त्याऐवजी एक कर. नाशिकरोडहून पंजाब मेल पकड. ती १९१२ पासून धावते आणि थेट फिरोजपूरला जाते. तिथून जवळच हुसैनीवाला आहे. भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर आपल्या खेडच्या राजगुरूंनाही २३ मार्च १९३१ च्या रात्री तिथेच अग्नी दिला. ध्वज उतरवण्याचा सोहळा तिथेही होतो, वाघ्याच्या मानाने कमी गर्दीत. मग पुढे अमृतसर. लंगरमध्ये जेवलीस की तासभर भांडी घासायला बस. पंजाबीचा एक शब्द न येता मला तिथे चार ओळखी झाल्या होत्या.

विवेक एक्स्प्रेसने दिब्रुगढ ते कन्याकुमारी एका दमात, ही ओळ तर मी दोनदा खोडली. देशातला सगळ्यात लांब पल्ला, सुमारे ४,२०० किलोमीटर, हे मलाही माहीत आहे. पण तीन दिवसांहून जास्त काळ डब्यात राहून तू काय पाहशील? ओडिशाचा किनारा रात्री, आंध्र झोपेत. तिसऱ्या दिवशी डब्यातल्या नळाला पाणी आहे की नाही याखेरीज डोक्यात दुसरा विचार येत नाही. तोच रस्ता तुकड्यांनी कर आणि राजमहेंद्रीला नक्की उतर. आपल्या नाशिकच्या अहिल्यादेवी होळकर पुलावरून रिक्षा अर्ध्या मिनिटात गोदावरी ओलांडते. राजमहेंद्रीत त्याच नदीवर १९७४ चा रेल्वे-रस्ता पूल आहे, चार किलोमीटरहून लांब. मी पहिल्यांदा त्या बाजूला गेले तेव्हा सोबतच्या तेलुगू बाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, ही आमच्या गावाहून येते. त्या म्हणाल्या, येते ना, पण मोठी झाली ती इथे. यावर बोलायला मला काही सुचलं नाही.

आता जरा कडक बोलते. नव्या गावात पोचायचं ते उजेडात. गाडी निवडताना सुटण्याची वेळ नंतर बघ, आधी पोचण्याची बघ. १९९० च्या सुमारास एका जिल्ह्याच्या गावी मी रात्री साडेनऊला उतरले. ज्या लॉजवर बँकेने कळवून ठेवलं होतं, त्याच्या मॅनेजरने माझ्यामागे कुणी पुरुष उतरतोय का ते वाकून पाहिलं आणि खोली नाही म्हणाला. ओळखपत्र दाखवलं, शाखाधिकाऱ्याचं नाव सांगितलं, उपयोग शून्य. रात्र स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये सुटकेसवर पाय ठेवून काढली आणि सकाळी दहाला त्या शाखेत हजर झाले. (तिथला माझा अहवाल जरा तिखट उतरला, हे कबूल करते.) आता बुकिंग फोनवर होतं, पण 'सिंगल लेडी' म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारे अजून आहेत. म्हणून आदल्या दिवशी फोन करून स्वतः बोल, आणि पहिल्या रात्रीपुरती स्टेशनवरची रिटायरिंग रूम मिळते का बघ. तिकिटाच्या पीएनआरवर ती आधी घेता येते.

उजेडाचं गणित आसामात आणखी बदलतं. घड्याळ देशभर एकच, पण डिसेंबरात जोरहाटचा सूर्य नाशिकच्या तासाहून जास्त आधी उगवतो आणि सुमारे दीड तास आधी मावळतो. गुवाहाटीलाही तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. चहाच्या मळ्यांवर म्हणूनच बागान टाइम चालतो, घड्याळ तासभर पुढे. तिथे तूही पहाटे पाचला उठ आणि चारला मुक्कामावर ये. माजुली बेटावर जाणारी बोट जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून सुटते. परतीची शेवटची कधी ते जातानाच विचारून ठेव, अंधारात ब्रह्मपुत्रा ओलांडून कुणी आणणार नाही. तवांग खोडलंय, तो डोंगरी रस्ता लांबचा आहे आणि तुझ्याकडे तेवढे दिवस नाहीत. नागालँडला जायचंच असेल तर इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, आधी काढ. अरुणाचल, मिझोराम आणि मणिपूरलाही ते लागतं. आसाम-मेघालयाला लागत नाही.

आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. सगळे टप्पे एका दिवसात बुक करून ठेवायचा मोह होईल, तो आवर. वाराणसी-कोलकाता, आसामचं जाणं-येणं आणि परतीचा कोकण रेल्वेचा टप्पा एवढीच आधी घे. बाकीची आठवडाभर आधी बघ. बर्थ वरचा माग. खालचा मागितलास तर दिवसभर चार जण तुझ्या अंथरुणावर बसून पत्ते खेळतील. वरच्यावर दुपारीही पाय पसरता येतात आणि बॅग उशाशी राहते. लांबच्या मेल-एक्स्प्रेसना स्लीपरमध्ये बायकांसाठी सहा बर्थ राखीव असतात, तो कोटा बुकिंग करताना आपणच निवडायचा असतो. काही बिनसलं तर रेल्वेची हेल्पलाइन, १३९.

पैशांबद्दल बँकवालीचं ऐक. पगाराचं खातं मोबाइलवरच्या यूपीआयला जोडून निघू नकोस. प्रवासाचं वेगळं खातं काढ, यूपीआय त्यालाच जोड आणि दर रविवारी त्यात आठवड्यापुरते पैसे टाक. फोन गेला तर जाईल ते आठवड्याचं. दोन एटीएम कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी. आणि कुठूनही नाशिकला परत येता येईल एवढी रोकड बॅगेच्या तळाशी, तिला हात लावायचा नाही. माजुलीत नेटवर्क गेलं की सगळे शहाणे नोटा शोधत फिरतात.

गाडीत खाण्याचं तुला ठाऊक आहे: अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नाही. पण नुसतं नाही म्हणत बसलं की प्रवास कोरडा होतो. मी मनुका न्यायची, आपल्या निफाडकडच्या. डब्यात आधी आपण पुडी पुढे करायची. मग समोरच्याने काही दिलं तर 'आत्ताच मनुका खाल्ल्या' म्हणून हसून टाळता येतं, आणि बोलणंही सुरू झालेलं असतं.

आईचा विषय शेवटी ठेवला. तिला चोवीस तास लोकेशन दिसतंय असं करून ठेवू नकोस. बोगद्यात ठिपका थांबला की ती रात्रभर जागेल. रोज रात्री आठला एक फोन, दोन मिनिटांचा, कुठे आहेस आणि उद्या कुठे असशील एवढाच. आमच्या वेळी रात्री दर उतरले की एसटीडी बूथबाहेर रांग लागायची; मीटरचे आकडे पळत असायचे, म्हणून कुणी फाफटपसारा सांगत नसे. दोघींना तेच बरं पडेल. तिच्याशी मी बोलते. पण आठचा फोन चुकवलास तर पुढचं मी सांभाळणार नाही.

बॅगेचं वजन कागदावर कळत नाही. निघायच्या महिनाभर आधी ती पूर्ण भर, अगदी कुलूप-साखळीसकट, आणि पाठीवर घेऊन पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढ. वर पोचल्यावर ज्या वस्तूंचा राग येईल त्या घरी ठेव. मग दुसऱ्या शनिवार-रविवारी एकटीच बुऱ्हाणपूरला जाऊन ये. भुसावळच्या पुढेच आहे, पण राज्य बदलतं. एक रात्र लॉजवर राहा, एकटीने जेव. हॉटेलात एकटीने जेवायला बसणं हे मला पहिल्या वर्षी सगळ्यात जड गेलं होतं, रात्रीच्या गाडीपेक्षाही.

येत्या रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये, भरलेली बॅग घेऊनच. लेण्यांवर मीही येते, गुडघे साथ देतील तिथवर. खाली उतरलो की भुसावळच्या अर्जाचा मसुदा करू. मार्गातली स्टेशनं क्रमाने लिहून आण. आणि गोव्यात काय खोडलंय ते आईला दाखवू नकोस.

तुझी,
मावशी