वाचकांचे प्रश्न : ग्लासगोतील लेक आणि बिनपगारी अकरा दिवस

प्रश्न : माझी मुलगी गेल्या सप्टेंबरपासून ग्लासगोत एमएस्सी करते आहे. हिवाळ्यात ती फार मिटून गेली. फोनवर ‘बरं आहे’ एवढेच म्हणायची आणि जेवणाचा विषय टाळायची. आता २३ जुलै २०२६ पासून तिथे होणाऱ्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी स्वयंसेवक म्हणून तिची निवड झाली आहे आणि ती हरखून गेली आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की डोक्यावर शैक्षणिक कर्ज असताना फुकट राबण्यापेक्षा चार पैसे मिळवावेत. शिवाय कुस्ती, हॉकी, नेमबाजी वगळल्यावर त्या स्पर्धांत आपले उरले तरी काय? मी कोणाची बाजू घ्यावी?
— एक आई, ता. शिरोळ

उत्तर : ताई, मुलीची बाजू घ्या. डिसेंबरात ग्लासगोत सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. शिरोळच्या उन्हात वाढलेले मूल अशा अंधारात मिटून गेले, तर तो त्याचा दुबळेपणा नव्हे. परक्या गावात माणूस सतत विचारणारा असतो: बस कुठली, दुकान कुठे, पुन्हा सांगाल का. स्वयंसेवकाचा गणवेश अंगावर चढला, की जगभरातून आलेले लोक वाट तिला विचारू लागतील, आणि त्या शहराच्या वतीने ‘या’ म्हणण्याचा मान तिचा असेल. याच शहरातल्या २०१४ च्या स्पर्धांसाठी ५०,००० हून अधिक लोकांनी अर्ज केले होते आणि सुमारे १२,५०० जण घेतले गेले. क्लाइड नदीवरून त्यांना ‘क्लाइडसायडर’ म्हणत.

मात्र या आनंदाला औषध समजू नका. झोप आणि भूक अजूनही बिघडलेली असेल, तर तिने विद्यापीठातील समुपदेशकाला आणि डॉक्टरांना भेटावे. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरांची फी पडत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधेही मोफत मिळतात.

पैशांचे म्हणाल, तर विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांचीच मर्यादा असते आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाचा उन्हाळाही बहुधा सत्रकाळातच धरला जातो, म्हणून बुडणारी कमाई तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. विनावेतन कामाचे काही प्रकारही या तासांत मोजले जातात. तेव्हा आपली सेवा कशात बसते, हे तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी घ्यावे.

आता तिच्या वडिलांचा दुसरा मुद्दा. कुस्ती नसल्याची खंत कोल्हापूरकरांना असणारच, मलाही आहे. पण वेटलिफ्टिंग आहे, आणि ते क्लाइडकाठच्या, खवल्या मांजराच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या त्याच सभागृहात होणार आहे, जिथे २०१४ मध्ये गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी प्रत्येकी एक कांस्यपदक मिळवले. हे तिघेही तुमच्या तालुक्यातल्या कुरुंदवाडचे. गणवेशात असताना तिला एका देशाच्या बाजूने ओरडता येणार नाही, सगळ्यांचे स्वागत सारखेच करावे लागेल. पण त्या इमारतीच्या दारात तिची नेमणूक झाली, तर ही तीन नावे तिला ठाऊक असावीत. ती वडिलांनीच फोन करून सांगितली तर फार बरे.