वाचकांचे प्रश्न : वडापावचा गाडा आणि साखळी दुकाने

प्रश्न : कराड बसस्थानकाच्या परिसरात माझ्या वडिलांचा वडापावचा गाडा बऱ्याच वर्षांपासून आहे. भाजी आजही आईच करते आणि गिऱ्हाईक त्या चवीसाठीच येते. आता सातारा, इस्लामपूर आणि सांगली येथे दुकाने काढून पुढे फ्रँचायझी द्यावी, असा माझा विचार आहे. चव सर्वत्र सारखी राहण्यासाठी गोठवलेले वडे वापरावेत का? फ्रँचायझी लगेच द्यावी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याआधी या वाटेने गेलेल्यांची दोन ठळक उदाहरणे आहेत. ‘जम्बोकिंग’ने 2001 मध्ये मुंबईत मालाड येथे सुरुवात केली, तर ‘गोली वडापाव’चे पहिले दुकान 2004 मध्ये कल्याणला निघाले. हाताने वळलेल्या वड्यांचा आकार आणि चव दुकानागणिक बदलते, या अडचणीवर ‘गोली’ने यंत्रावर तयार होणाऱ्या गोठवलेल्या वड्यांचा उपाय शोधला आणि त्यामुळेच त्यांना महाराष्ट्राबाहेर दूरवर जाता आले. मात्र उणे 18 अंशांवर माल ठेवणारी शीतसाखळी मोठ्या संख्येने दुकाने असली तरच परवडते. शिवाय एकदा अर्धवट तळून गोठवलेल्या आणि दुकानात पुन्हा तळलेल्या वड्याच्या आवरणाला नुकत्याच काढलेल्या घाण्याची सर येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपली नियोजित गावे कराडपासून दोन-अडीच तासांच्या आत आहेत. एवढ्या अंतरासाठी गोठवण्याची गरज नाही.

आमचा सल्ला असा की, भाजी एकाच ठिकाणी व्हावी आणि तळण प्रत्येक दुकानात व्हावे. त्यासाठी आईंचा ‘अंदाज’ आधी वजनात उतरवावा लागेल. एक किलो सोललेल्या उकडलेल्या बटाट्याला मिरची, आले, लसूण आणि मीठ किती ग्रॅम, फोडणीला तेल किती, हे त्यांच्या हाताखाली उभे राहून प्रत्येक वेळी मोजून लिहून ठेवावे. एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये, कारण मिरचीचा तिखटपणा आणि बटाट्यातील पाणी हंगामानुसार बदलते. शीतगृहातील बटाट्यात थंडीमुळे स्टार्चची साखर होऊ लागते. वेफर्सवाल्यांना त्याची भीती रंग काळपटतो म्हणून वाटते. वड्यात रंग बेसनाखाली झाकला जातो, पण गोडसर चव झाकली जात नाही. म्हणून बटाट्याचा व्यापारी निवडताना माल कोठे आणि किती काळ साठवलेला आहे, हे भावाआधी विचारावे.

तयार भाजी पसरट ताटांत लवकर थंड करून, सारख्या वजनाचे गोळे वळून, 5 अंशांखाली ठेवलेल्या पेट्यांतून पाठवावी आणि त्याच दिवशी संपवावी. उकडलेला बटाटा उबदार राहिला की फार लवकर आंबतो. बेसन, हळद आणि मीठ यांचे कोरडे मिश्रण मुख्य स्वयंपाकघरातूनच जावे, म्हणजे दुकानातील मुलाला केवळ मापाने पाणी घालायचे उरते. सुकी लसणाची चटणी बिनधास्त प्रवास करते. हिरवी चटणी मात्र जेथे विकायची तेथेच रोज वाटावी. कढईतील तेलाचीही शिस्त हवी : तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणाऱ्या खराब घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाले, तर ते तेल वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार मनाई आहे आणि हे प्रमाण मोजण्याचे हातात धरता येणारे उपकरण मिळते. पावाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लादी पाव त्या-त्या गावच्या बेकरीतून घ्यावा लागणार असेल, तर त्याचा आकार आणि वजन लेखी ठरवून घ्यावे, कारण वडा तोच असला तरी पाव कोरडा निघाला की बोल आपल्याच नावाला लागतो.

फ्रँचायझी लगेच देऊ नये. दुसरे दुकान स्वतःचे, पण पगारी माणसांवर चालणारे असावे. आई-वडील तेथे नसतानाही ते वर्षभर नफ्यात चालले, तरच विकण्याजोगी पद्धत आपल्याजवळ आहे असे समजावे. हिशेबातील एक खाच अशी आहे की, सामान्य उपाहारगृहाला 5 टक्के जीएसटी लागतो, परंतु त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे आपण रॉयल्टीवर (आपले नाव आणि पद्धत वापरू देण्याच्या मोबदल्यावर) लावलेला 18 टक्के कर फ्रँचायझी घेणाऱ्याच्या खिशातूनच जातो आणि शेजारच्या गाड्याशी स्पर्धा असल्याने तो वडापावच्या किमतीत फारसा मिसळता येत नाही. त्याला किती उरेल हे आपण आधी त्याच्या बाजूने मांडून पाहावे. फ्रँचायझीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. सारा व्यवहार मुख्यतः 1872 च्या करार कायद्यावर चालतो. त्यामुळे कच्चा माल कोणाकडून घ्यायचा, तपासणी कोण करणार आणि करार संपल्यावर पाटी कधी उतरवायची, हे वकिलाकडून नेमके लिहून घ्यावे. अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणी प्रत्येक जागेची स्वतंत्र लागते.

प्रश्न : ‘वडापाव’ हे नाव कोणी स्वतःच्या मालकीचे म्हणून नोंदवू शकते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. वडापाव हे पदार्थाचे सर्वसामान्य नाव असल्याने 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार त्यावर कोणाचाही एकाधिकार होत नाही; त्याच्या पुढचे वेगळे नाव किंवा बोधचिन्ह मात्र नोंदवता येते. उपाहारगृहाच्या सेवेसाठी वर्ग 43 मध्ये अर्ज करावा. नोंदणी 10 वर्षे टिकते आणि तिचे नूतनीकरण करता येते. तसे नाव आधीच कोणी घेतले आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येते. पाटी रंगवण्याआधी तेवढे पाहावे.