"मॅडम, बदली झाल्यापासून मुलं रात्री घाबरतात"

मी मुलांची समुपदेशक, जूनमध्ये बदल्या झाल्या की गणपतीच्या आसपास माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. घाटावरून कोकणात आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले. राहायला वाडीतलं भाड्याचं कौलारू घर, शेजारी हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल एवढ्यावर, पावसात लाईट गेली की गेलीच, आणि दोन महिन्यांत मुलं एकटी बाथरूमला जाईनाशी होतात. "गावात कायतरी आहे म्हणतात, आमचा विश्वास नाही हो, पण मुलं..." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच पूर्ण करू शकते. म्हणून एका घराचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. आंबोलीच्या पायथ्याची वाडी. रात्री कौलांवरून कुणीतरी चालतं असं थोरल्याने सांगितलं, धाकटीने ते उचललं आणि आता तिला घुंगरूपण ऐकू येत होते. (सहाव्या वर्षी मनातलं आणि खरं घडलेलं यातली रेघ पुसटच असते, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने हे कधीच सांगून ठेवलंय, तेव्हा तिला खोटारडी म्हणू नका.) बाबांनी त्यांच्या परीने सगळं केलेलं. कौलांवर उदमांजर असतं म्हणून मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, गव्हाणी घुबड कसं फिस्कारतं ते ऐकवलं. माहिती अगदी बरोबर होती.

"मला माहितीये उदमांजर आहे," पोरगा मला म्हणाला.

"मग?"

गप्प.

पहिली दोन सेशन माझीपण फुकटच गेली, चित्रं काढून झाली, श्वासाचे खेळ झाले, तो शहाण्यासारखा सगळं करायचा आणि रात्री परत आईच्या कुशीत. तिसऱ्या वेळी मी भुताचा विषयच सोडला. म्हंटलं, मी सावंतवाडीत राहते, उद्या तुझ्या वाडीत राहायला आले तर मला काय काय माहिती पाहिजे?

आणि तो सुटलाच. तिन्हीसांजेला शिट्टी मारायची नाही. रात्री नावाने हाक आली तर तीनदा येईपर्यंत ओ द्यायची नाही. पाणंदीतून जाताना मागे वळायचं नाही. पिंपळाखाली लघवी करायची नाही. वहीच्या मागच्या पानावर आम्ही लिहीत गेलो, चौदा नियम झाले.

"हे तुला कुणी सांगितले?"

"वर्गातल्या मुलांनी. त्यांना सगळे आधीपासून माहितीयेत. मला रोज एक नवीन कळतो." मग बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसला. "पिंपळाचा मला नंतर कळला."

नंतर म्हणजे कधी, तर पहिल्याच आठवड्यात, शाळेतून येताना, करून झाल्यावर. एका मुलाने पाहिलं आणि म्हणाला, आता राखणदार (म्हणजे गाव राखणारा देव) बघून घेईल तुला. अडीच महिने हे पोरगं एकटं ते घेऊन झोपत होतं!

मला खरं सांगायचं तर तेव्हा अंगावर काटा आला, भुताने नाही, आपण मोठी माणसं किती भलत्या प्रश्नाचं उत्तर देत बसतो त्याने. तो विचारत होता माझं चुकलंय का, आणि घरचे सांगत होते भूत नसतं. मी नेहमी म्हणते की मुलाची भीती एकट्या मुलाच्या डोक्यात शोधू नका, ते कुठे आणि कुणात राहतंय तिथे शोधा. वाडीत सगळे आतले, हे चौघंच बाहेरचे. आईसुद्धा अंधार पडला की कड्या लावून बसायची, ते मुलं बघतच होती.

मग उपाय माझ्या खोलीत नव्हताच. मी आईला सांगितलं, घरमालक आजोबांना जाऊन सगळं सांगा, लाजू नका. आजोबा हसले म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात नारळ ठेवून त्यांनी चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाक हयली रीत म्हाइत नाय, काय चुकला माकला आसात तर सांभाळून घे." शेजारपाजारचे सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तो आपलो राखणदार रे, तेका कित्याक भितंस?" पुढच्या रविवारी मी त्यांना आरवलीला वेतोबाच्या देवळात जाऊन यायला सांगितलं. तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. धाकटीने एका चपलेशेजारी आपला पाय ठेवून पाहिला. घुंगरांचं मग फारसं निघालं नाही.

माझ्या एका सहकारी मित्राला हे पटलं नाही, तू अंधश्रद्धेला खतपाणी घातलंस म्हणाला. मी त्या मुलाला राखणदार आहे म्हंटलं नाही की नाही म्हंटलं नाही. त्याला कुणीतरी आतल्याने आपलं म्हणायला हवं होतं, आणि वाडीची त्यासाठीची भाषा ती आहे. भगताकडे नेऊन धूर देणं, मारणं, पैसे उकळणं हे वेगळं, तिथे मी अजिबात ऐकून घेत नाही, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

तर तुमच्या घरी असं चालू असेल तर आधी "काही नसतं" म्हणणं थांबवा. शाळेतली मुलं काय सांगतात ते विचारा, यादी करा, हसू नका. शेजाऱ्यांकडे स्वतः जा, मुलांना घेऊन, उजेड असताना. तुम्ही घाबरत असाल तर तसं सांगा, मुलांना कळतंच. झोप, जेवण, शाळा सगळंच बिघडून महिना झाला असेल तर मात्र दाखवायला आणा, वाट बघू नका.

तो मुलगा अजूनही रात्री बाथरूमला जाताना बॅटरी घेतो आणि बाबांना उठवतो. आई विचारत होती, ही सवय कशी मोडायची. म्हंटलं मोडू नका, तिथे बाहेर फुरसं असतं.